जैविक शेती केली, तरी शिवारात जीव का परतत नाहीत? या चुका टाळा

रासायनिक फवारणी बंद केली, पीजीएसचं (गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून द्यायचं) जैविक प्रमाणपत्र मिळालं, गांडूळखताचे बेड भरले. तरीही शेतात फुलपाखरं नाहीत, भोपळ्याची मादी फुलं गळतात आणि मुनियांचे थवे पलीकडच्या माळावरच फिरतात. ही तक्रार अनेक गटांतून ऐकू येते. विष थांबवायलाच हवं, पण खायला, लपायला आणि अंडी घालायला जागा नसेल तर जीव राहणार कुठे? ही जागा सरकारी योजनांच्या हिशेबात येत नाही. जैविक शेतीसाठीची केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना गट, हेक्टर आणि खतं-अर्कांसारख्या निविष्ठा मोजते. तपासणीतही मुख्य प्रश्न असतो तो काय वापरलं आणि काय नाही, एवढाच. बाकीचं आपणच बघायचं आहे.

बांध चकाचक ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शेतात जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) आणि बांधावर तणनाशक, किंवा उन्हाळ्यात बांध पेटवून देणं, हे जैविक गटांतही चालतं. बांधावरची रुई बिनकामाची वाटते, पण बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी रुईच्या पानांवर वाढते. फुलोरी मधमाशी झुडपाच्या फांदीला पोळं लावते, तर भुंगे वाळक्या लाकडात भोक पाडून राहतात. एकएकट्या राहणाऱ्या बहुतेक मधमाश्या न नांगरलेल्या जमिनीत बिळं करतात. भोपळा, दोडका, कारलं यांची फळधारणा याच मंडळींवर अवलंबून असते. बांध जळाला की त्यांचं घर गेलं, आणि पुढच्या हंगामात कितीही दशपर्णी (दहा झाडपाल्यांचा कीडनाशक अर्क) फवारली तरी ते घर परत येत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. बांध पेटवू नका. गवत कापायचं तर ते फुलून बी पडल्यावर कापा, आणि एका वर्षी दोनच बाजूंचं कापा. बोर, हिवर, करवंद, निर्गुडी, तरवड आपोआप उगवले तर राहू द्या. गाजर गवत आणि टणटणी मात्र फुलोऱ्याआधीच उपटा.

हिरवळीच्या खतासाठी चारही बांधांवर फक्त उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प लावण्याची सध्या लाट आहे. पाला भरपूर मिळतो हे खरं, पण हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. एका बांधावर पुरे, बाकीच्या बांधांवर स्थानिक झाडं येऊ द्या.

यात धोरणाचाही वाटा आहे. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. कायद्याचा हेतू झाडं वाचवण्याचा आहे. प्रत्यक्षात पुढच्या कटकटीच्या धास्तीने बरेच शेतकरी या झाडांची रोपं लहानपणीच उपटून टाकतात. तसं करू नका. झाडाची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या, म्हणजे पुढे परवानगीच्या वेळी कागद हाताशी राहतो.

अर्क नैसर्गिक आहे म्हणून केव्हाही फवारणं

तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन मधमाशीला विषच आहे. दशपर्णी आणि निंबोळी अर्कालाही मित्रकीटक ओळखता येत नाहीत. मावा दिसला की लगेच पंप पाठीवर घेऊ नका. आधी पान उलटून मावा खाणारे ढालकिडे किंवा त्यांच्या अळ्या आहेत का ते पाहा. असतील तर काही दिवस थांबा. फवारायचंच असेल तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी.

शेण कुठलं, हे न विचारणं

सगळं जीवामृत शेणावर उभं आहे. पण जनावराला आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक टोचलं असेल तर त्याचा अंश पुढचे काही दिवस शेणातून पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. त्या काळातलं शेण वेगळं काढा. दुखण्यावरच्या औषधांबाबतही पशुवैद्यकाला विचारा. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. शेत जैविक आणि गोठा तसाच, असं चालत नाही.

अनुदानाचं शेततळं, पण बाहेर यायला वाट नाही

प्लास्टिकच्या अस्तराचा उतार निसरडा असतो. पाण्यासाठी उतरलेले ससे, खोकड, साप, कधी लांडगासुद्धा वर चढू शकत नाहीत आणि बुडतात. चारही कोपऱ्यांत जाड दोर किंवा जुन्या जाळीची पट्टी काठाला बांधून पाण्यात सोडा. खर्च किरकोळ आहे. अंदाजपत्रकात ही बाब सुरुवातीपासूनच असायला हवी होती.

मिळालं ते बियाणं पेरणं

योजनेतून मिळणाऱ्या बियाण्याच्या संचात एकच वाण येतो, सगळा गट तोच पेरतो आणि दोन-तीन हंगामांत घरचं बी संपतं. रसायन नसलं तरी ही एकपीक पद्धतच झाली. हुरड्याची गूळभेंडी ज्वारी, घनसाळ आणि काळभात हे भात, दारातला घेवडा हे वाण एकदा गेले की कुठल्याही योजनेतून परत मिळत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे देशी वाण घरोघरी फिरून जमवले, जपले आणि वाटले. २०२० चा पद्मश्री त्यांना याच कामासाठी मिळाला.

देशी बी विकणं बेकायदा आहे, असा गैरसमज गावोगाव आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे शेतकरी बी राखू शकतो, देवघेव करू शकतो आणि विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्याने आपला वाण नोंदवला तर शुल्कही लागत नाही. निदान एका कोपऱ्यात दरवर्षी एक जुना वाण पेरा आणि बी दोन घरी ठेवा.

नोंदवही कागदावरच राहू देणं

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातली झाडं, जीव, वाण यांची नोंद) बंधनकारक केली. कामं रखडली म्हणून २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये दंड ठरवला. मुदत पाळायची म्हणून घाईने भरलेल्या नोंदवह्यांमध्ये आपल्या शिवारातलं खरं किती आहे, हे गावानेच तपासायला हवं.

युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २७० रुपयांच्या आत मिळते आणि जैविककडे वळणाऱ्याच्या हातात तीन वर्षांत हेक्टरी १५ हजार रुपये पडतात. तराजू असा झुकलेला असताना गावाच्या हातात जे आहे ते सोडणं परवडणारं नाही. पुढच्या ग्रामसभेत समितीचे सदस्य कोण आहेत ते विचारा आणि नोंदवही मागवून वाचा. माळरान त्यात नुसतं 'पडीक' म्हणून लिहिलं असेल तर तिथलं गवत, तितर, धाविक, लांडगे यांची नावं लिहायला लावा. कारण वृक्षलागवडीचे खड्डे खणायला लोक अशा 'पडीक' जमिनीवरच आधी येतात. नोंदवहीतली बियाण्यांची पानं मात्र गावातल्या म्हाताऱ्या बायकांना बोलावून भरून घ्या. कुठला वाल कुठल्या मातीत येतो, हे त्यांना विचारल्याशिवाय ती पानं खरी होणार नाहीत.