वासोटा एका दिवसात: घड्याळाचं गणित

वासोट्याची चढण अवघड नाही, अवघड आहे ती वेळ. किल्ला कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात येतो. जाणं-येणं जलाशयातून बोटीने. मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधाराआधी बोट परतलीच पाहिजे. म्हणून सगळा हिशोब परतीच्या बोटीपासून उलटा मांडा.

बोट सुटते ते बामणोली गाव साताऱ्याहून यवतेश्वर, कास पठार करत साधारण ३५ किलोमीटर. पेट्रोल साताऱ्यातच भरा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रविवारी कासला फुलं बघणाऱ्यांच्या गाड्यांत अडकलात तर सकाळ तिथेच गेली, पहाटेच निघा. आठच्या आत बामणोलीत असावं. ओळखपत्र दाखवून वनखात्याची परवानगी घ्यायची, मग बोट. भाडं अख्ख्या बोटीचं असतं, त्यामुळे दोघा-तिघांनी जाणं महागात पडतं.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला पोचायला सुमारे दीड तास लागतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, बोट लांब थांबते आणि गाळातून जास्तीची चाल पडते. तिथे वनरक्षक पिशव्या तपासतात, प्लॅस्टिक मोजून लिहून घेतात. घरूनच डबे आणि स्टीलच्या बाटल्या न्याव्यात, रांगेतला वेळ वाचतो.

पायथ्याच्या ओढ्यावर मारुती-गणपती आहेत. इथे बाटल्या भरा, माणशी तीन लिटर. वर टाकं आहे, पण त्याच्या भरवशावर चढू नका. दाट झाडीत चढ दीड-दोन तासांचा. वाटेत नागेश्वरच्या गुहेतल्या शिवमंदिराकडे जाणारा फाटा फुटतो. एका दिवसात दोन्ही करायच्या नादात हमखास उशीर होतो. वासोटाच नीट बघा.

झाडी संपून कारवीची झुडपं लागली की दरवाजा जवळ आला. वर छप्पर नसलेला मारुती, महादेवाचं देऊळ, बांधकामाचा चुना दळायचा घाणा. बाबुकड्याला मात्र निवांत वेळ द्या: अर्धगोल तुटलेला कडा, समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर. कठडा नाही, वारा ढकलतो. काठापाशी बसून बघा.

दोनला उतरायला लागा. खरं घसरणं उतरताना होतं. वाळक्या पानांखाली सुटे दगड असतात, पाऊल आडवं टाका. पावसाळ्यानंतर जळवा असतात. जळू ओढू नका, नखाने कडेने सरकवली की सुटते. रक्त मात्र बराच वेळ वाहतं, कारण ती ते गोठू देत नाही. घाबरू नका, धुऊन दाबून धरा. गवा दिसला तर थांबा, त्याला आधी जाऊ द्या.