ईसीजीचा कागद कोरा होण्याआधी
छातीत धडधड चालू असताना काढलेला ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, डॉक्टरांना सगळ्यात कामाचा. ठोके ताळ्यावर आले की नव्या ईसीजीत बऱ्याचदा काही सापडत नाही. पण तो कागद बहुतेक वेळा शाईऐवजी उष्णतेने छापला जाणारा, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळचा मे महिना! रेघा फिकट होत जातात.

१. कागद हातात पडताच सपाट ठेवून उजेडात फोटो काढा. नाव, तारीख, वेळ दिसलीच पाहिजे.
२. साधी झेरॉक्स काढा. मागे लिहा: काय होत होतं, कोणत्या गोळ्या चालू होत्या.
३. फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवर पाठवा. नाशिकला दाखवायला निघालं की फाईल नेमकी घरी राहते.

लॅमिनेशन मात्र नको, गरम यंत्रात अख्खा कागद काळा पडतो. आणि छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय असं वाटलं तर कागद शोधत बसू नका, १०८ लावा.