व्हिटॅमिन डी कमी आलंय? आधी रिपोर्ट नीट वाचा

रिपोर्टमध्ये डी समोर खाली जाणारा बाण दिसला की लगेच गोळ्या आणायला पळू नका, आधी टेस्ट कुठली केलीय ते बघा. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असं नाव हवं. दुसरी एक १,२५ वाली असते, ती किडनीत तयार होणाऱ्या ॲक्टिव्ह रूपाची, आणि साठा रिकामा असला तरी ती चक्क नॉर्मल येऊ शकते.

मग युनिट बघा. नॅनोग्रॅममधले (ng/mL) २० म्हणजे नॅनोमोलमधले (nmol/L) ५०, हे लक्षात न घेता दोन रिपोर्ट शेजारी ठेवून लोक उगाच घाबरतात. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, १२ च्या खाली मात्र खरंच मनावर घ्या, २० ते ३० बद्दल डॉक्टरांतच एकमत नाही.

आता शरीरात होतं काय, तर डी नसेल तर आतडी खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषत नाहीत, पण रक्तातलं कॅल्शियम घसरून चालत नाही म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घेते, म्हणजे ठेव मोडून घरखर्च भागवल्यासारखं. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम बऱ्याचदा ठीकच दिसतं आणि आपण निवांत! लहान मुलांना यातून मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांची हाडं मऊ पडतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, नडगी अंगठ्याने दाबली की दुखते. नुसता थकवा किंवा केस गळणं असेल तर सगळं डीवर ढकलू नका, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या.

उन्हाचं म्हणाल तर मी कित्येक महिने बंद खिडकीशी उन्हात चहा पीत बसायचो आणि वाटायचं झालं काम, पण डी बनवणारे यूव्हीबी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. बाहेर जा, हातपाय उघडे ठेवा, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल ती वेळ धरा, कातडी लाल व्हायच्या आत सावलीत या. सावळ्या रंगाला जास्त वेळ लागतो. खाण्यातून तेलकट मासे, अंड्याचा बलक सोडले तर फार काही मिळत नाही.

गोळीत खरा घोळ म्हणजे आठवड्याची गोळी रोज खाणं. डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे सहज निघून जात नाही, मग कॅल्शियम वाढून मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता, मूतखडा. मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट (पाकिटावर IU लिहिलेलं असतं ते) पुरतात, सत्तरीनंतर ८००, आणि डॉक्टरांना न विचारता ४००० च्या वर जायचं नाही. गोळी जेवणासोबत घ्या, रिकाम्या पोटी नको. टेस्ट परत तीनेक महिन्यांनी करा, दर पंधरवड्याला केलीत तर फक्त खिसा हलका होईल. मूतखडा किंवा किडनीचा त्रास आधीच असेल तर पहिली गोळीसुद्धा विचारूनच.