अ‍ॅक्वेरियमचा दिवा अर्ध्याच्या वर जात नव्हता: ०-१० व्होल्ट ड्रायव्हर आणि आर्डुइनो

लक्षण: आर्डुइनो ऊनो (कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड) वापरून एलईडी ड्रायव्हरला (दिव्याला वीज पुरवणारा डबा) उजेड सांगत होतो. कोडमध्ये प्रकाश पूर्ण ठेवला तरी एलईडी निम्म्याच उजेडात. ड्रायव्हरच्या डिमच्या (उजेड कमी-जास्त करायच्या) तारा सोडल्या की लख्ख.

ड्रायव्हर बदलला, तारा जाड घेतल्या, कोड पुन्हा लिहिला. नागपूरच्या उन्हाळ्यात हे करताना जीव मेटाकुटीला आला.

ऊनोच्या पिनवर ५ व्होल्टच मिळतात, ड्रायव्हरला १० हवेत. ते १० व्होल्ट तो डिमच्या तारेवर स्वतःच देतो. आपण फक्त त्या तारेचा व्होल्टेज शून्याकडे ओढायचा, आणि त्यासाठी स्विचसारखा ट्रान्झिस्टर लागतो. बर्डीच्या बाजारातून २एन२२२२ ट्रान्झिस्टर आणला. त्याला तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर.

आधी मेन्स बंद. पिन ९ पासून १ किलोओहमचा रेझिस्टर बेसला. कलेक्टर डिम प्लसला. एमिटर डिम मायनसला, आणि तिथेच आर्डुइनोचा ग्राउंड. डिम मायनस एलईडीच्या मायनसला जोडू नका. ट्रान्झिस्टरचे पाय मल्टीमीटरने तपासाच, कारण याच नावाच्या काही प्लास्टिक प्रकारांत क्रम उलटा असतो.

आता सिग्नल उलटतो, म्हणून कोडमध्ये २५५ (पूर्ण प्रकाशाचा आकडा) वजा प्रकाश. पिन ९ झरझर चालू-बंद होऊन उजेड ठरवते; त्या चालू-बंदची मूळ वारंवारता साधारण ४९० हर्ट्झ असते. माझा ड्रायव्हर १०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ घेतो, त्यामुळे ती तशीच ठेवली. तुमच्या ड्रायव्हरची डेटाशीट मात्र बघा. बोर्ड सुरू होताना दिवा क्षणभर पूर्ण पेटतो, तो बिघाड नव्हे.