राहता जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कला? टॅक्स क्रेडिट घेताना या चुका टाळा

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीकडच्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "काका, न्यूयॉर्कने टॅक्स कापलाय आणि जर्सीही मागतेय. दोनदा भरायचा का?" नाही भरायचा. न्यूयॉर्क राज्याला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे आपल्या टॅक्समधून वजावट, जर्सी देते. पण ते घेताना लोक ज्या करामती करतात त्यांना तोड नाही.

आधी न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न, म्हणजे आयटी-२०३, पूर्ण करा आणि मगच जर्सीच्या निवासी रिटर्नला, म्हणजे एनजे-१०४० ला, हात लावा. उलट केलंत तर क्रेडिट शून्य दिसतं, नाहीतर भलतंच काही. मी न्यूयॉर्कचं रिटर्न छापून शेजारी ठेवतो आणि त्यातला टॅक्सचा आकडा एनजे-सीओजे या क्रेडिट काढायच्या पुरवणीशी स्वतः ताडून बघतो. सॉफ्टवेअरवर 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत वीस मिनिटांत मोकळं होणाऱ्यांनी मला फोन करू नये. डब्ल्यू-२ च्या, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगारपत्रकाच्या, १७ व्या रकान्यातला आकडा या पुरवणीत टाकायचा नसतो. ती पगारातून कापलेली रक्कम आहे. खरा टॅक्स आयटी-२०३ मध्ये निघतो.

न्यूयॉर्कला गेलेला सगळाच पैसा क्रेडिटमधून वळता होत नाही. त्याच उत्पन्नावर जर्सीचा जेवढा टॅक्स येतो, तेवढीच मर्यादा. वरचा फरक गेला तो गेला, त्यावरून माझ्याशी भांडू नका.

खरी महागात पडते ती घरून कामाची हुशारी. न्यूयॉर्कची कंपनी असेल आणि तुम्ही तिच्या गरजेपोटी नव्हे, स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असाल, तर ते दिवसही न्यूयॉर्क आपलेच धरतं. ओळखीतला एकजण मॅनहॅटनच्या ऑफिसात, पण आठवड्यातले तीन दिवस जर्सीतल्या पार्सिपनीला घरीच. मित्राने सांगितलं, "ते दिवस वगळ रे." वगळले. घसघशीत रिफंड आला, त्यातून सोफाही आला. पुढे न्यूयॉर्कचं पत्र: घरून काम करणं कंपनीची गरज होती, याचा पुरावा द्या. पुरावा कुठला असणार? फरक भरला, वर व्याज. गडी समजला, सुटलो. मी विचारलं, "जर्सीचं काय केलंस?" वगळलेल्या दिवसांच्या पगारावर त्याने जर्सीत क्रेडिट मागितलंच नव्हतं, तिथे पूर्ण टॅक्स भरला होता. आता त्याच पगारावर न्यूयॉर्कलाही गेला. म्हणजे एनजे-१०४०-एक्स हे दुरुस्तीचं रिटर्न भरून क्रेडिट मागणं आलं. "पुन्हा एवढे कागद?" म्हणत त्याने चालढकल केली, शेवटी समोर बसवून भरून घेतलं. दुरुस्तीला मुदत असते, ती तुमच्या कंटाळ्यासाठी थांबत नाही.

पेनसिल्व्हेनियात नोकरी असेल तर हे काहीच लागू नाही. दोन राज्यांत करार आहे, पगारावर टॅक्स फक्त राहत्या राज्याचा. पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापू नका, असं सांगणारा आरईव्ही-४१९ फॉर्म कंपनीला द्या. तो न दिल्यामुळे पेनसिल्व्हेनियाने कापलाच, तर जर्सीत क्रेडिट मागू नका, मिळत नाही. पेनसिल्व्हेनियाचं रिटर्न भरून तिथूनच परत घ्यायचा. पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहराचा पगारावरचा वेज टॅक्स मात्र या करारात नाही. तो कापला जातोच, आणि त्याचं क्रेडिट जर्सी देते. फिलाडेल्फियाजवळच्या, जर्सीतल्या चेरी हिलकडची निम्मी मंडळी हे नेमकं उलटं करतात.

न्यूयॉर्क शहराचा टॅक्स बाहेरून येणाऱ्यांना १९९९ पासून नाही. पे-स्लिपवर दिसला तर एचआरला गाठा.

बँकेचं व्याज आणि लाभांश सीओजेच्या दुहेरी टॅक्स लागलेल्या उत्पन्नात घालू नका. आयटी-२०३ मध्ये तुमचं सगळं उत्पन्न दिसतं म्हणून लोक फसतात. न्यूयॉर्क आधी सगळ्या उत्पन्नावर टॅक्स काढतं आणि मग न्यूयॉर्कच्या कमाईच्या प्रमाणात तेवढाच हिस्सा लावतं. सीओजेत जाते ती फक्त ही न्यूयॉर्कची कमाई.