प्राप्तिकर रिफंडचा अंदाज बांधताना या चुका टाळा

‘माझा पगार १२ लाख ७५ हजार, म्हणजे कर शून्य. बँकेने एफडीच्या व्याजावर ६,००० रुपये टीडीएस कापलाय, तेवढा रिफंड येईल.’ असा हिशेब करणारे पगारदार खूप आहेत, आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीने आकडे मांडून पाहा. पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १२ लाख उरतात. तिथे कलम ८७ए ची ६०,००० पर्यंतची रिबेट (करात मिळणारी सूट) लागू होते आणि कर शून्यावर येतो. कंपनीला तेवढंच दिसतं, म्हणून ती काहीच कापत नाही. आता ६०,००० रुपये व्याज मिळवा. उत्पन्न १२,६०,००० झालं आणि रिबेट पूर्ण गेली. स्लॅबप्रमाणे कर येतो ६९,०००. मार्जिनल रिलीफमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे ६०,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण ६२,४००. बँकेने कापलेले ६,००० वजा केले तरी ५६,४०० रुपये भरायचे निघतात. शिवाय बाकी १०,००० पेक्षा जास्त असल्याने आगाऊ कर न भरल्याचं व्याजही लागतं. सगळं व्याज तर करात गेलंच, वर २,४०० रुपये पदरचे! म्हणून अशा सीमेवर असणाऱ्यांनी हा हिशेब डिसेंबर-जानेवारीतच करावा. कंपनीमार्फत एनपीएसमध्ये रक्कम जात असेल तर ती वजावट नव्या प्रणालीतही मिळते, पण ३१ मार्चनंतर हातात फारसं काही उरत नाही.

व्याजाचीच दुसरी चूक पाच वर्षांच्या एफडीत होते. पैसे मुदत संपल्यावर हातात येतात, त्यामुळे व्याजही तेव्हाच दाखवायचं, अशी समजूत असते. बँक मात्र दरवर्षी जमा झालेल्या व्याजावर टीडीएस कापते आणि ते व्याज एआयएसमध्ये (विभागाकडे असलेल्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) चढतं. टीडीएस मागायचा आणि व्याज लपवायचं, हे चालत नाही. रिफंड तिथेच अडकतो. बचत खात्याचं व्याजही धरा. त्यावरची कलम ८०टीटीए ची १०,००० ची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे.

शेअर विकून अल्पकालीन नफा झाला असेल, तर ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य तिथे लावू नका. समजा इतर उत्पन्न ८ लाख आणि सूचिबद्ध शेअरवरचा नफा ५०,०००. त्या नफ्यावर २० टक्क्यांनी १०,००० आणि उपकर ४०० भरावाच लागतो, कारण अशा खास दराच्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत रिबेट नाही.

जुनी प्रणाली निवडणाऱ्या पुणेकरांनी एचआरए (घरभाडे भत्त्यावरची सूट) पुन्हा तपासावा. २०२५-२६ साठी मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई यांनाच आहे. पुणे, नाशिक, नागपूर ४० टक्क्यांत मोडतात. आणि जुनी प्रणाली हवी तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म १६ समोर ठेवा. नव्या कंपनीला जुना पगार कळवला नसेल, तर दोघांनीही प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब दिलेले असतात. अशा वेळी रिफंड विसरा, बहुधा कर भरायचा निघतो.

अंदाज बांधायची घाई एप्रिलमध्ये करू नका. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ मे असते, त्याआधी २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं विवरण) अर्धवट दिसू शकतं.

‘जास्त रिफंड काढून देतो, त्यातले एवढे टक्के माझे’ म्हणणाऱ्या एजंटापासून मात्र कळकळीने सांगते, दूर राहा. खोटी देणगी किंवा खोटं घरभाडं दाखवून आलेले पैसे व्याजासह परत करावे लागतात, वर चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड एजंट भरत नाही.

हिशेब बरोबर असूनही पैसे आले नाहीत, तर आधी ई-व्हेरिफिकेशन पाहा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ते व्हायला हवं. मग पोर्टलवर बँक खातं प्रमाणित आहे का, खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळतं का, बँक विलीन होऊन आयएफएससी बदललाय का, हे तपासा. खात्यामुळे रिफंड फेल झाला असेल, तर खातं दुरुस्त करून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाकता येते. कमी रक्कम आली असेल, तर रिटर्न तपासून विभागाने पाठवलेली कलम १४३(१) ची सूचना उघडा. तुम्ही भरलेला आकडा आणि विभागाने काढलेला आकडा शेजारी-शेजारी असतात. जिथे पहिला फरक दिसेल, तिथेच उत्तर आहे. कधी जुन्या वर्षाची थकबाकी कलम २४५ खाली वळती झालेली असते. तशी नोटीस आली की मुदतीत उत्तर द्या, विशेषतः ती थकबाकी चुकीची असेल तर.

अंदाजापेक्षा थोडी जास्त रक्कम आली, तर ते कलम २४४ए चं व्याज असतं, महिन्याला अर्धा टक्का. ते करपात्र आहे. पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नका.