कंडोम वापरूनही दिवस राहण्याचा धोका किती? आकडा कसा वाचावा आणि पुढे काय करावे

‘कंडोम ९८ टक्के परिणामकारक आहे’ हे वाक्य वाचल्यावर पुष्कळ जण असा हिशेब करतात की, शंभर वेळा संबंध आले तर त्यांपैकी दोनदा दिवस राहणार. हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्यामुळे अनेक जोडप्यांचा जीव पाळी येईपर्यंत विनाकारण टांगणीला लागतो. तेव्हा सर्वांत आधी हा आकडा कसला आहे ते समजून घ्यावे. तो संबंधांच्या संख्येवर नव्हे, तर वर्षभरातील जोडप्यांवर मोजलेला असतो. शंभर जोडप्यांनी वर्षभर प्रत्येक वेळी आणि अचूक रीतीने कंडोम वापरला, तर त्यांतील साधारण दोघींना दिवस राहतात. काहीच साधन न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांत हीच संख्या सुमारे ८५ असते.

मात्र याच्या जोडीला आणखी एक आकडा असतो आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. लोक प्रत्यक्षात ज्या पद्धतीने कंडोम वापरतात त्याप्रमाणे मोजले, तर शंभरांपैकी सुमारे १३ जणींना वर्षभरात गर्भ राहतो. २ आणि १३ यांच्यातील अंतर मुख्यतः रबराच्या दोषामुळे पडत नाही. ‘आजचा दिवस चालेल’ म्हणून न वापरलेले, अर्ध्यात चढवलेले किंवा लवकर काढलेले कंडोम या १३ मध्ये धरलेले असतात. म्हणून स्वतःचा धोका ठरवताना आपला वापर खरोखर कोणत्या गटात बसतो, हे प्रामाणिकपणे तपासावे.

वापरताना पाकिटावरची मुदत आधी पाहावी. खिशातल्या पाकिटात किंवा उन्हात तापणाऱ्या गाडीत महिनोन्‌महिने पडलेला कंडोम वापरू नये. वेष्टन बोटांनी फाडावे, दातांनी नाही. लिंगाचा योनीला स्पर्श होण्यापूर्वीच, टोक चिमटीत धरून आतली हवा काढून, तो मुळापर्यंत उलगडावा. उलट्या बाजूने लावला गेल्यास तो टाकून नवा घ्यावा. वीर्यस्खलनानंतर ताठरता जाण्यापूर्वी कडा धरून बाहेर यावे. एकावर एक दोन कंडोम घालू नयेत. आपल्या घरांत सहज हाताशी असलेले खोबरेल तेल आणि व्हॅसलिन यांनी लॅटेक्स पाहता पाहता कमकुवत होते. कोरडेपणा असेल तर पाण्यात विरघळणारी जेलीच वापरावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध मोफत मिळतो, त्यामुळे जुना कंडोम जपून ठेवण्याचे काही कारण नाही.

संबंधानंतर शंका वाटल्यास कंडोममध्ये पाणी भरून पाहावे. तो गळत नसेल, निसटलेला नसेल आणि सुरुवातीपासून अंगावर असेल, तर तातडीची गर्भनिरोधक गोळी घेण्याची गरज नाही.

तो फाटला किंवा आत निसटला असेल, तर मात्र वेळ घालवू नये. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि स्त्रीबीज सुमारे एक दिवस टिकते. म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस धोक्याचे. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटते, त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात तो चौदावा दिवस असतो, तर ३५ दिवसांच्या चक्रात एकविसाव्याच्या आसपास येतो. पण जागरण, आजारपण किंवा ताण यांनी हे गणित सरकते, म्हणून कॅलेंडरवर विसंबून गोळी टाळणे मला योग्य वाटत नाही. तातडीची गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल या औषधाची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी; ती ७२ तासांच्या आत घ्यावी आणि शक्यतो पहिल्याच दिवशी, कारण ती बीज सुटणे लांबवते. बीज सुटून गेल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. क्षयाची किंवा फिटची काही औषधे तिचा परिणाम कमी करतात, तेव्हा ती चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे गोळीहून अधिक खात्रीचे आहे. आतून धुण्याने किंवा उड्या मारण्याने गर्भधारणा टळत नाही.

गोळीनंतर पाळी काही दिवस मागेपुढे होऊ शकते. मधेच दिसलेल्या रक्तस्रावाला पाळी समजू नये. पाळी चुकल्यावर, किंवा संबंधानंतर २१ दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे यासाठी ‘निश्चय’ किट मिळते. त्याआधीच्या ‘नाही’ या उत्तरावर भरवसा ठेवू नये. तपासणी नकारात्मक येऊनही पाळी आली नाही, तर आठवड्याने ती पुन्हा करावी.

दिवस राहिलेच असतील आणि ते नको असतील, तर लपवाछपवी न करता नोंदणीकृत डॉक्टरांकडे जावे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या सुधारणेनंतर साधन निकामी ठरल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही लागू होते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते, आणि स्त्री १८ वर्षांची पूर्ण असेल तर केवळ तिचीच संमती लागते. नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही कायद्याने आवश्यक नाही. तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असल्यास त्या काम करत नाहीत आणि जिवावर बेतू शकते. भेटीच्या वेळी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस सांगावा. गर्भाचे आठवडे त्या तारखेपासून मोजले जातात, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे.